एक मैल चिखल

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं नेपल्स आज ओळखलं जातं ते पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी, गोल्फच्या मैदानांसाठी आणि निवृत्तीनंतर तिथे घर घेणाऱ्या धनिकांसाठी. याच गावाच्या पूर्वेला, फ्लोरिडा स्पोर्ट्स पार्कच्या आवारात, पाण्याने भरलेला एक वळणावळणाचा चर खोदला गेला. लोक त्याला ‘माइल ओ’ मड’ म्हणतात, म्हणजे मैलभर चिखल. खरी लांबी मैलाच्या सात-अष्टमांश, साधारण १.४ किलोमीटर. तळाला गाळ, वर गढूळ पाणी आणि मधे मधे मुद्दाम ठेवलेले खोल खड्डे. या चरातून चारचाकी पळवायची आणि जो आधी पार होईल तो जिंकला. या गाडीचं नाव स्वॅम्प बगी. नेपल्समध्ये तिच्या शर्यती १९४९ सालापासून रीतसर होत आल्या आहेत. फोर्ट मायर्सला राहणाऱ्या भाचीमुळे त्यातला एक अख्खा दिवस मला पाहायला मिळाला, आणि त्या दिवसाने मला फ्लोरिडाचा जो इतिहास शिकवला तो किनाऱ्यावर बसून कळला नसता.

आधी गाडी पाहू. शर्यत सुरू होण्यापूर्वी पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार होतात त्या जागेत, हिंडता येतं आणि माझ्या मते दिवसातला निम्मा आनंद तिथेच आहे. मोठ्या गटातली बगी लांबलचक आणि अरुंद असते. पुढे निमुळती, खालून पत्र्याने पूर्ण बंद, म्हणजे पाण्यावरून घसरत जाईल अशी. चालकाभोवती जाड नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून आणि कमरेवरून आवळलेले पट्टे. इंजिन व्ही-८, बहुतेक वेळा उघडंच. एक्झॉस्टचे पाइप आकाशाकडे तोंड करून उभे, कारण ते खाली असते तर पहिल्याच खड्ड्यात पाणी पीत बसले असते. माझी नजर खिळली ती मागच्या चाकांवर. एका बगीशेजारी मी उभी राहिले तर चाक माझ्या खांद्याला लागत होतं, पण त्याची रुंदी वीतभर. ट्रॅक्टरचा उंच, अरुंद टायर, खोल नक्षीचा.

चिखलात जायचं तर चाक रुंद हवं, अशी आपली समजूत असते. वजन पसरलं की गाडी रुतत नाही, हे खरंच आहे, आणि वाळूत किंवा खूप खोल दलदलीत रुंद चाकच लागतं. पण ज्यांनी आषाढात भातखाचरात पाय घातला आहे त्यांना दुसरी गोष्टही ठाऊक असते. चिखलणी झालेल्या खाचरात पाऊल वरच्या राडीत कधी ठरत नाही, ते खालच्या कडक थराला टेकतं तेव्हाच पुढचं पाऊल उचलता येतं. नैर्ऋत्य फ्लोरिडाची जमीन अशीच आहे. वर पाणी, त्याखाली गाळ आणि वाळू, आणि फार खोल न जाता चुनखडीचा खडक. अरुंद चाक राड कापत खाली जातं, त्याला खालचा थर सापडतो, आणि पुढे ढकलायच्या पाण्याचा विरोधही कमी होतो. टायरच्या खोल नक्षीत चिखल अडकून बसला तर चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहील, म्हणून ते इतक्या वेगाने फिरवायचं की चिखल आपोआप झटकला जावा. मागे उडणारे ते प्रचंड फवारे त्याचेच. प्रेक्षकाला ते शोभेचे वाटतात, चालकासाठी ते टायर साफ होत असल्याची खूण असतात.

ही गाडी शर्यतीसाठी जन्मली नाही. एव्हरग्लेड्स आणि बिग सायप्रस या दलदलींचा प्रदेश इतका सपाट आहे की एव्हरग्लेड्समध्ये जमिनीचा उतार मैलाला जेमतेम दोन इंच भरतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो, पाणी कुठे धावत जात नाही, ते पसरतं आणि महिनोन्‌महिने रेंगाळतं. सेमिनोल आणि मिकोसुकी लोक सायप्रसच्या लाकडाच्या कोरीव होड्यांतून या पाण्यात वावरत. गोरे वसाहतवाले बैलगाड्या घालत. टॅम्पा आणि मायामीला जोडणारा टॅमियामी ट्रेल हा रस्ता १९२८ मध्ये पुरा झाला, त्यासाठी पैसा ओतणाऱ्या बॅरन कोलिअरच्या नावाचा कोलिअर परगणा त्याआधीच, १९२३ मध्ये, तयार झाला होता. रस्ता आला तशा मोटारीही आल्या, पण रस्त्यावरून चाक खाली उतरलं की मोटार संपली. हरणं, रानडुकरं आणि टर्की यांच्या मागे जाणाऱ्या शिकाऱ्यांना रस्ता नसलेल्या जागीच जायचं होतं.

नेपल्सच्या एड फ्रँक या माणसाला पहिली स्वॅम्प बगी बांधण्याचं श्रेय दिलं जातं. जुन्या फोर्डचे भाग, उंच चाकं, बसायला फळी. त्याचं पाहून प्रत्येकाने आपापली बगी बांधली. कुणी ट्रॅक्टरची चाकं लावली, कुणी जुन्या विमानांचे टायर. कारखान्यात यातलं काहीच होत नव्हतं. ज्याच्याकडे वेल्डिंगचं यंत्र आणि भंगारात पडलेली मोटार होती तो बगीवाला. मला या इतिहासातली ही बाब सर्वांत मोलाची वाटते: या गाडीचा नकाशा कुण्या अभियंत्याने काढला नाही, तो त्या जमिनीनेच काढला.

शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडी चालते का हे तपासायला मंडळी एकत्र जमत. त्यातून पैज आलीच. रेमंड बेनेट यांच्या शेतातल्या बटाट्याच्या वाफ्यांत, पावसाने भरलेल्या खळग्यांतून, या बग्या एकमेकींशी झुंजू लागल्या. १९४९ च्या नोव्हेंबरात पहिली अधिकृत शर्यत झाली. त्या काळच्या बग्या माणसाच्या चालीपेक्षा फार पुढे जात नसत, आणि प्रश्न कोण आधी पोचतो हा नसून कोण पोचतो हा असे. पुढे इंजिनं वाढली, गाड्या लांब आणि हलक्या झाल्या, शर्यतीची बगी आणि शिकारीची बगी वेगळ्या वाटांनी गेल्या. आजची पळणारी बगी घेऊन कुणी रानात जाणार नाही, तिच्यात बंदूक ठेवायलाही जागा नाही.

शर्यतीच्या दिवशी, रविवारी, आम्ही सकाळीच पोचलो. “मावशी, कानात बोळे घाल हं, नंतर मला बोलू नकोस,” भाचीने बजावलं, आणि ते मानलं हे बरं झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथलं ऊन आपल्या कोकणातल्या ‘ऑक्टोबर हीट’ची आठवण करून देतं. दमट हवा, वर निळं आभाळ, घडीच्या खुर्च्या, बर्फाने भरलेल्या पेट्या. बाकांच्या पुढच्या रांगांत लहान मुलं हट्टाने जागा धरून होती, कारण चिखलाचे शिंतोडे तिथपर्यंत येतात. राष्ट्रगीत झालं, टोप्या उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि जीपचा गट पाण्यात उतरला.

जीपपासून सुरुवात होते हे नवख्या प्रेक्षकासाठी फार सोयीचं. वेग कमी, त्यामुळे काय चाललंय ते डोळ्यांना पकडता येतं. मग चार सिलिंडरचे, सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे असे गट, आणि शेवटी प्रो-मॉडिफाइड, म्हणजे वर सांगितलेल्या त्या लांब, अरुंद बग्या. एका वेळी मोजक्याच गाड्या सुटतात. पहिल्या दोन फेऱ्यांत मी नुसतं पाणी उडताना पाहिलं. तिसऱ्या फेरीपासून दिसू लागलं की पुढची गाडी मागच्या गाडीला दोन प्रकारे मारते. तिच्या चाकांचा फवारा मागच्या चालकाच्या चष्म्यावर येतो आणि काही क्षण तो आंधळा होतो. शिवाय ती पाणी कापत जाते तेव्हा लाट उठते, आणि मागची बगी त्या लाटेत सापडली तर तिचं नाक वर उचललं जातं, पुढची चाकं वळवून उपयोग होत नाही. म्हणून मागच्याने फवाऱ्यातून बाहेर, बाजूच्या शांत पाण्यात जायचं. पण चर अरुंद, वळण जवळ. हे सगळं ठरवायला त्याच्याकडे श्वास घेण्याएवढाच वेळ असतो.

या ट्रॅकवरचा सर्वांत प्रसिद्ध खड्डा म्हणजे ‘सिपी होल’. ‘मिसिसिपी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा मिल्टन मॉरिस हा जुना चालक तिथे वारंवार अडकायचा, त्यावरून हे नाव पडलं. सपाट भागात हायवेवरच्या वेगाने आलेली गाडी इथे अचानक खोल पाण्यात शिरते. पत्र्याचं पोट पाण्यावर आदळल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावरही ऐकू येतो, पाण्याची भिंत उभी राहते, आणि दीड-दोन सेकंद गाडी दिसतच नाही. बाकांवरचे सगळे उभे राहतात. पाण्यातून आधी एक्झॉस्टची टोकं बाहेर येतात, मग हेल्मेट.

सहा सिलिंडरच्या एका फेरीत गाडी आत गेली आणि बाहेर आली ती मुकी. इंजिन बंद पडलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मला कारणं सांगितली. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी गेलं तर इंजिन नुसतं थांबतं, वाळवलं की पुन्हा चालू. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात गेलं तर मात्र मोठं नुकसान, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि वर येणाऱ्या पिस्टनचा दांडा वाकतो. चालकाने खड्ड्यात घाबरून पाय सैल केला की नाक खाली जातं आणि पाणी आत यायची शक्यता वाढते. म्हणून पाय सोडायचा नाही, आणि खड्ड्याच्या आधीच ठरवायचं किती वेगाने आत जायचं. ती बगी ओढून काढली गेली. चालक काठावर उतरला आणि त्याने सर्वांत आधी हवेची नळी उघडून बोट आत घातलं. बोट कोरडं निघालं असावं, कारण तो हसला.

शेजारचे ते गृहस्थ तरुणपणी स्वतःच्या बगीतून बिग सायप्रसमध्ये शिकारीला जात. शर्यतीच्या मधल्या वेळात त्यांच्याकडून आणि नंतर भाचीकडच्या पुस्तकांतून मला जे कळलं ते मला शर्यतीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

१९६८ मध्ये बिग सायप्रसच्या दलदलीत एक विमानतळ बांधायला सुरुवात झाली. जगातला सर्वांत मोठा विमानतळ तिथे होणार होता, सहा धावपट्ट्यांचा. तो झाला असता तर एव्हरग्लेड्सचं पाणी तुटलं असतं. त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत मार्जरी स्टोनमन डग्लस होत्या. वयाची सत्तरी उलटलेल्या या लेखिकेने १९६९ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स’ ही संस्था काढली. मिकोसुकी लोक होते, शास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या बरोबरीने शिकारी आणि बगीवालेही होते. एरवी हे लोक एका टेबलाशी बसले नसते. १९७० मध्ये काम थांबलं, तोवर एकच धावपट्टी झाली होती. १९७४ मध्ये बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्ह स्थापन झालं, आणि तिथे शिकार व बगी या दोन्हींना जागा ठेवली गेली.

मग चाकांचाच प्रश्न आला. ओल्या गाळात एकदा उमटलेला चाकोरीचा ठसा वर्षानुवर्षं बुजत नाही. मैलाला दोन इंच उतारावर एवढीशी चाकोरीही पाण्याची वाट बदलते. पाणी पसरायचं सोडून चाकोरीतून वाहू लागतं, आणि त्याच्यावर जगणारं गवत बदलतं. हजारो मैलांचे ठसे जमल्यावर २००० साली नियम झाले: वर्षाला जास्तीत जास्त २,००० परवाने, आणि बगी चालवायची ती आखून दिलेल्या वाटांवरूनच, मुख्य वाटांची एकूण लांबी ४०० मैलांपेक्षा जास्त नाही. ज्यांनी दलदल वाचवायला मदत केली त्यांच्याच चाकांना कुंपण पडलं, याचा त्या गृहस्थांना राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यांचं दुःख मला समजतं, पण नियम मला बरोबर वाटतात. रानात चाक फिरण्याचा हक्क पाण्याच्या वाटेपेक्षा मोठा धरता येत नाही. आणि नेमकं म्हणूनच माइल ओ’ मडसारखा खोदलेला ट्रॅक मला मोलाचा वाटतो. बगीची कला जिवंत राहावी, आणि चिखल उडावा तो माणसाने यासाठीच खोदलेल्या चरात.

दलदलीचं सर्वांत मोठं नुकसान बगीने केलंही नव्हतं. नेपल्सच्या पूर्वेला गल्फ अमेरिकन या कंपनीने १९६० च्या दशकात कालवे खोदून, पाणी उपसून, ‘गोल्डन गेट इस्टेट्स’ नावाने हजारो प्लॉट विकले. अनेकांनी जागा न पाहताच पैसे भरले. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली, उन्हाळ्यात वणवे. त्याचा दक्षिणेकडचा भाग सरकारने प्लॉट एकेक करून परत विकत घेऊन रानाला द्यायचं ठरवलं. पिकायून स्ट्रँड नावाचा हा प्रकल्प ५५,००० एकरांचा आहे: ४८ मैल कालवे बुजवायचे, २६० मैल रस्ते उखडायचे, म्हणजे पाणी पूर्वीसारखं पसरेल. आपल्याकडे खाडी बुजवून, पाणथळ जागा भरून टाकून उभ्या राहिलेल्या वसाहती पाहिल्या की हे आकडे फार वेळ डोक्यात राहतात. भरायला काही वर्षं लागतात, परत खोदायला पिढ्या.

दुपारनंतर ‘बिग फीचर’, म्हणजे मोठी अंतिम शर्यत. या शर्यतीत चालकांइतकीच घराणी धावतात. चेसर हे त्यातलं मोठं नाव. लिओनर्ड चेसर यांच्याविषयी जुने प्रेक्षक अजून भरभरून बोलतात. वडिलांनी पळवलेल्या बगीचं इंजिन मुलगा उतरवतो, मुलगी पाना हातात घेऊन शेजारी उभी असते, आणि काही वर्षांनी तीच हेल्मेट चढवते. बायका इथे फक्त बाकांवर नाहीत, ट्रॅकमध्येही आहेत. अंतिम फेरी दोन-तीन मिनिटांत संपते. सकाळपासून पाहिल्यामुळे आता डोळे तयार झालेले असतात. कुणी फवाऱ्यातून बाहेर निघायला बाजूचं पाणी धरलं, कुणी सिपी होलमध्ये वेग न सोडता झेप घेतली, हे कळत जातं, आणि ते कळू लागलं की ही शर्यत पाहण्यासारखी होते.

त्यानंतरचा विधी जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. दरवर्षी एक ‘स्वॅम्प बगी क्वीन’ निवडली जाते. १९५७ मध्ये जिंकलेल्या एच. डब्ल्यू. मॅकरी यांनी नटूनथटून उभ्या असलेल्या राणीला उचललं आणि तिच्यासकट चिखलात उडी मारली. तेव्हापासून ती प्रथाच झाली. मी पाहिलं तेव्हा राणी काठावर येऊन स्वतःच तयार उभी होती, झगा सावरत नव्हती, आणि विजेत्याचा हात धरून जोरात उडी मारून ती सिपी होलमध्ये गेली. वर आली तेव्हा मुकुट हातात होता आणि टाळ्या विजेत्यापेक्षा तिला जास्त पडल्या. तिला खेचलं जातं की ती उडी मारते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तिने मारलेली उडी पाहून मीही उठून टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे चिखलातल्या मोटारींचा मोठा खेळ पाहायचा तर गोवा आहे. ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही मूळची मलेशियाची स्पर्धा, लुईस वी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली. तिची भारतातली आवृत्ती २०१४ पासून ऐन पावसाळ्यात गोव्यात होऊ लागली. तिचा स्वभाव मात्र वेगळा आहे. ती कित्येक दिवस चालते, चालकाबरोबर सहचालक असतो, गाडी रुतली की तो विंचची तार घेऊन चिखलात उतरतो, झाडाला पट्टा बांधतो आणि गाडी स्वतःलाच ओढून काढते. तिथे घाई करणारा हरतो. प्रेक्षकाला मात्र एका वेळी एखादाच टप्पा दिसतो. आणि इंजिनाशिवायची चिखलशर्यत हवी असेल तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नांगरणी स्पर्धांना जावं. लावणीच्या दिवसांत, भरलेल्या खाचरात, घाटी आणि गावठी बैलजोड्यांचे वेगळे गट पळतात, नांगर धरणारा मागे घसरत असतो, आणि गावच्या गाव बांधावर उभं असतं. नेपल्सच्या बटाट्याच्या शेतात सुरुवातीला जे घडलं ते याच्या बरंच जवळचं होतं.

फ्लोरिडात कुणाकडे जाणार असाल तर शर्यतीच्या तारखा आधी बघून घ्या, त्या वर्षात मोजक्याच असतात. कानांसाठी बोळे, डोक्याला टोपी आणि फेकून देता येतील असे कपडे न्या. शर्यतीच्या आधी नेपल्स डेपो म्युझियमला जा. १९२७ मधल्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत ते आहे, आणि तिथे सेमिनोल लोकांची कोरीव होडी, खेचरांची गाडी आणि एक जुनी स्वॅम्प बगी एकाच छताखाली पाहायला मिळते. दुसऱ्या दिवशी टॅमियामी ट्रेलने पूर्वेला निघा. ओचोपी इथलं पोस्ट ऑफिस अमेरिकेतलं सर्वांत लहान, तिथे गाडी थांबवून पत्र टाकता येतं. त्याच्या पुढे-मागे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिग सायप्रस आहे, आणि नोव्हेंबरात पाणी ओसरू लागतं तेव्हा सायप्रसच्या बुंध्यांवर ते कुठवर चढलं होतं त्याची रेघ स्पष्ट दिसते.